चिंचेने घासलेली काडतुसं

इथे परदेशात, हॉर्नबी नावाच्या उपनगरातल्या आमच्या गॅराजमध्ये मी स्वतःच्या हाताने ठोकलेली एक फळी होती. तिच्यावर लिंबू ठेवलं, की ते आधी उजवीकडे घरंगळायचं आणि मग विचार बदलून डावीकडे यायचं. जगातल्या एकाही शास्त्रज्ञाला याचं कारण सांगता आलेलं नाही. फळी ठोकून झाल्यावर मी दोन पावलं मागे सरलो, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणालो, "चालतंय की!"

बायको शेजारीच उभी होती. तिने मान सरळ ठेवून पाहिलं. म्हणाली, "राहू दे अशीच. पुरावा म्हणून."

त्यामुळे रायफलची काडतुसं यापुढे मी घरीच, याच गॅराजमध्ये भरणार असं जाहीर केलं, तेव्हा ती एक शब्द बोलली नाही. नुसती फळीकडे बघत राहिली. तिचं हे गप्प बसणं मला नवीन नव्हतं. बंदुकीचा परवाना काढताना एक पोलीसबाई घरी आल्या होत्या. इथे त्या बायकोला वेगळं बसवून विचारतात, हा माणूस जबाबदार आहे का म्हणून. बायको इतका वेळ विचार करत बसली, की बाईंचा चहा गार झाला, त्यावर साय धरली, आणि बाहेर मोसम बदलून गेला. शेवटी ती "हो" म्हणाली म्हणून परवाना मिळाला. पण त्या "हो"च्या आधीची शांतता मला अजून ऐकू येते.

आधी रायफलचं सांगतो. गावाबाहेर, वाऱ्याने मेंढ्यासुद्धा तिरक्या उभ्या राहतात अशा माळावर आमचा नेमबाजीचा क्लब होता. तिथे एक म्हातारा होता. त्याची दाढी एवढी दाट, की दर वसंतात तिच्यात फॅनटेल पक्षी घरटं करायचे, आणि पिल्लं उडून जाईपर्यंत तो सूप प्यायचा नाही. नजर अधू झाली तेव्हा त्याने आपली लाडकी रायफल मला विकली. लाकडी दस्त्याची, माझ्या आजोबांच्या वयाची. तिचा धक्का असा, की पहिला बार काढल्यावर माझा डावा जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, पुढे आणि उजवा मागे सापडला. मी तिच्या प्रेमात पडलो.

पण तिच्या मापाची काडतुसं दुकानात येईनाशी झाली. आधी उशिरा यायची, मग क्वचित यायची, आणि एके दिवशी दुकानदार "सॉरी, मेट" म्हणाला. म्हणजे माझी लाडकी आता नुसती जड काठी.

म्हातारा म्हणाला, "मग स्वतः भर की. ऑक्टोबरातल्या लेबर वीकेंडला, त्या जोडसुट्टीत, जुन्या रायफलींची मॅच आहे. तिथे प्रत्येक जण घरी भरलेलंच काडतूस घेऊन येतो."

"अवघड असतं का?"

"चहा करण्याइतकंच सोपं. झाडलेलं काडतूस असतं ना, त्याची पितळी केस वाया जात नाही. ती पुन्हा मापात आणायची, बुडाचा जुना प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, काढून नवा बसवायचा, पावडर मोजून घालायची, वर गोळी बसवायची. झालं. फरक इतकाच, की चहात साखर जास्त पडली तर कुणाचा डोळा जात नाही."

मी त्याच क्षणी ठरवलं. या वर्षीची मॅच मी खेळणार, आणि माझ्या हाताने भरलेल्या काडतुसांनी खेळणार. आता पृथ्वी फाटली तरी मागे हटणार नाही. आमच्या गावात भूकंपाने पृथ्वी नुकतीच फाटून झालेली होती, तेव्हा हे मी उगाच बोलत नव्हतो.

रात्रीच्या जेवणाला बायकोने आपली अट सांगितली. ती दूध पावडरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे तिच्या अटी नेहमी मोजून-मापून येतात.

"सामान आण. माझी ना नाही. पण पहिल्यांदा भरायला बसशील तेव्हा मी समोर खुर्ची टाकून बसणार. त्या वेळात तुझ्या तोंडून एकदा जरी 'चालतंय' निघालं, तर सगळं सामान त्याच आठवड्यात विकायचं. रायफलसकट."

"रायफलसकट?"

"काडतुसं नसतील तर काठी काय करायचीय?"

"आणि 'चालतंय' नाही म्हणालो तर?"

"तर गॅराजचा तो कोपरा तुझा. कायमचा."

मी हात पुढे केला. तिने भाजीचा हात धुऊन मगच मिळवला.

आता सामान. माझ्यातला पुणेरी इंजिनियर जागा झाला. मी एक्सेल उघडलं, त्यात इतके रकाने केले, की कॉम्प्युटरने स्वतःहून रजेचा अर्ज टाकला. सगळ्यात वर होतं एक भलंमोठं मशिन: फिरती थाळी, वर नळ्या, बाजूला नळ्या. हँडल एकदा ओढलं, की पाचही कामं एकदम होणार आणि काडतूस खाली टोपलीत पडणार. मला लगेच आमच्या पुण्याच्या घरचा फूड प्रोसेसर आठवला. अकरा भांडी, सतरा पाती, आणि आई आजतागायत त्यात फक्त चटणी वाटते. पण तेव्हा हा धडा काही माझ्या डोक्यात शिरला नाही.

म्हाताऱ्याला फोटो दाखवला. त्याने फोन दाढीपासून लांब धरून पाहिला.

"तुला पोहता येतं?"

"थोडंफार."

"मग शिकायला कूक सामुद्रधुनीत उडी मारशील, की आधी पोहायचे टॉग्ज घालून तळ्यात उतरशील? त्या मशिनमध्ये पाच गोष्टी एकदम होतात. म्हणजे पाच गोष्टी एकदम चुकतातही. आणि तू बघत असतोस सहावीकडेच. एका वेळी एकच काम करणारी प्रेस घे. ओतीव लोखंडाची, जड, मंद. तुझ्यापेक्षा मंद."

"इतका वेळ कोण घालवणार?"

"ज्याला दोन्ही डोळे ठेवायचेत तो."

मग त्याने सांगितलं, प्रेसच्याही आधी पुस्तक घे. कुठल्या केसमध्ये कुठली पावडर किती, हे छापील पुस्तकात बघायचं. क्लबातल्या कुणाचं ऐकायचं नाही. "माझंसुद्धा नाही," असं म्हणून त्याने आणखी दोन तास सांगितलं.

तशी ती प्रेस आली. इतकी जड, की कुरियरवाल्याने ती दारात ठेवली तेव्हा घर त्या बाजूला कललं आणि लिंबू पहिल्यांदाच फळीवर स्थिर राहिलं. जोडीला केस दाबून मापात आणायचे साचे, म्हणजे रायफलच्या मापाच्या डाय आल्या, प्रायमर बसवायचं हत्यार आलं, केसची लांबी बघायला व्हर्नियर माझ्याकडे होताच. टेबल मी भिंतीला बोल्टने आवळलं. हे मात्र मी मन लावून केलं. ज्या गावात कपाटं चालत येऊन माणसाला उठवतात, तिथे बोल्ट सगळ्यांनाच नीट लावता येतात.

केस उभ्या ठेवायला भोकांचा एक लाकडी ठोकळा मिळतो. दुकानात तो बघितला आणि मला हसू आलं. सात भोकांचं बिडाचं आप्पेपात्र घरात असताना लाकूड कशाला विकत घ्यायचं? मी ते उचलून गॅराजकडे निघालो. बायकोने स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं.

"ते खाली ठेव."

"अगं, यात केस किती छान..."

"खाली. ठेव."

ठोकळा विकत आणला.

राहिला वजनकाटा. डिजिटल घ्यावा असं माझ्या मनात होतं. पण म्हातारा म्हणाला, गार गॅराजमध्ये ते आकडे आपोआप सरकायला लागतात, तू साधा दांडीचा घे. एका टोकाला पितळी ताटली, दुसऱ्या टोकाला काटा, मध्ये सुरीच्या पात्यासारखी बारीक धार, आणि ती धार दोन इवल्याशा खाचांवर टेकलेली. फुंकर मारली तरी दांडी डोलणार. मी तो घेतला.

"आणि तपासणीची वजनं?" बायकोने विचारलं.

"ती कशाला?"

"काटा खरं बोलतोय की नाही हे कशावरून कळणार?"

"अगं, काटा वजन करतो. आता काट्याचं वजन करायला वजनं, मग त्या वजनांचं वजन करायला आणखी कुणी? हे कुठे थांबायचं?"

"आमच्याकडे रोज सकाळी तिथेच थांबतात," ती म्हणाली.

माझ्या वाढदिवसाला तिने एक छोटीशी मखमली डबी दिली. मला वाटलं, घड्याळ. आत तपासणीची वजनं होती, मुगाच्या डाळीएवढी, आणि ती उचलायला एक चिमटा.

एवढ्यात पुण्याहून आई आली. सहा महिन्यांसाठी. विमानतळावर तिने चिंच, हळद, कुंकू, गोडा मसाला असं सगळं प्रामाणिकपणे जाहीर केलं. मग तपासनीसाला एकेका पुडीचा उपयोग इतका सविस्तर समजावला, की शेवटी त्यानेच तिची बॅग गाडीपर्यंत आणून दिली आणि आमटी किती वेळ उकळायची ते लिहून घेतलं, असं ती सांगते. माझं आईच्या गोष्टींवर काही म्हणणं नसतं. मी तिचाच मुलगा आहे.

आईने गॅराज पाहिलं. टोपलीत झाडलेल्या रिकाम्या केस होत्या, काळपट पडलेल्या.

"अरे, पितळ असं ठेवतात का? देवाची भांडी असती तर?"

"आई, त्या घासायचं मशिन मिळतं. घ्यायचा विचार करतोय."

"पितळ घासायला मशिन!" आई इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. मग ती चिंच भिजवून अंगणात बसली. एकेक केस चिंचेत बुचकळली, चोळली, नळाखाली खंगाळली आणि चादरीवर उन्हात मांडली. शेजारचा माणूस कुंपणावरून "किया ओरा", म्हणजे इथला रामराम, म्हणाला आणि बघतच राहिला. त्याला वाटलं, आमच्याकडे सोन्याची लागवड होते. केस इतक्या चकाकल्या, की वरून जाणारं एक विमान दोनदा उतरायला खाली आलं. घासायचं मशिन माझ्या यादीतून कायमचं गेलं. बायकोने एक केस उचलली, आत डोकावली, हुंगली आणि म्हणाली, "आतून पूर्ण वाळू देत. दोन दिवस." आई म्हणाली, "अगं, मलाही कळतं." दोघींचं त्या दिवशी बरं जमलं.

मॅच शनिवारी, आणि त्याच आठवड्यात दसरा गुरुवारी. मी कॅलेंडर बघून टाळीच वाजवली. साडेतीन मुहूर्तांतला एक! पहिली बैठक दसऱ्यालाच. दुपारची रजा टाकली.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी ही पूजा कधी चुकली नाही. लहानपणी स्क्रूड्रायव्हर, सायकल, शिवणयंत्र यांना हळदकुंकू लागायचं, इथे आल्यावर लॉनमोअर आणि लॅपटॉपला लागायला लागलं. रायफल आणि पावडर कुलपात होती, त्यामुळे आईने रायफलच्या कपाटाच्या दाराला स्वस्तिक काढलं. मग गॅराजमधल्या टेबलाकडे वळली. प्रेसला गंध, साच्यांना गंध, व्हर्नियरला गंध. तबक मीच धरलं होतं. कुंकू तेलात कालवलेलं, म्हणजे ते ओघळत नाही, धरून राहतं. मी हात जोडले, डोळे मिटले, शनिवारी सगळ्या गोळ्या मधोमध लागू देत म्हणालो. डोळे मिटले होते म्हणून आईचं बोट काट्याच्या दांडीवर नेमकं कुठे टेकलं, ते काही मला दिसलं नाही.

दसऱ्याच्या दुपारी बैठक बसली. बायको समोर खुर्ची टाकून, हाताची घडी घालून. आई शेजारी, मांडीवर पेढ्यांचा डबा. मी चष्मा चढवला. पुस्तक उघडं. केस मापात आणून झाल्या, प्रायमर बसले. प्रेसचं हँडल लोण्यातून सुरी जावी तसं खाली येत होतं. एका वेळी एकच काम. ठोकळ्यात केस रांगेने उभ्या, आईच्या चिंचेने लखलखणाऱ्या. मला तर वाटलं, आता मॅच खेळायची गरजच नाही, नुसता ठोकळा नेऊन दाखवला तरी बक्षीस मिळेल.

मग काटा पुढे ओढला. शून्यावर आणला. बायकोची नजर मखमली डबीवर गेली. मी डबी उघडली. चिमट्याने एक वजन उचलून ताटलीत ठेवलं. काटा जिथे यायला हवा होता त्याच्या सूतभर खाली थांबला.

वजन काढलं. पुन्हा ठेवलं. आता सूतभर वर.

तिसऱ्यांदा ठेवलं. बरोब्बर जागेवर!

"आलं की!" आई म्हणाली. "पेढा देऊ?"

मी चौथ्यांदा ठेवलं. पुन्हा खाली.

खाली वाकून बघितलं. दांडीच्या मधोमध, जिथे ती बारीक धार खाचेवर टेकते, नेमकं तिथे तेलकुंकवाचं लालचुटुक बोट. खाचेत कुंकू, धारेला कुंकू, आणि एक अक्षत दांडीखाली अशी घट्ट रुतलेली, जणू ती कारखान्यातूनच बसवून आली होती.

ब्रश घेतला. स्पिरिट घेतलं. पुसलं, फुंकलं, पुन्हा पुसलं. अक्षत निघाली. पण खाच इतकी इवलीशी, की आत गेलेलं तेल बाहेर यायला तयार नाही. तपासणीचं वजन ठेवलं: बरोबर. पुन्हा ठेवलं: बरोबर. पुन्हा ठेवलं: अगदी हलकं, पापणी लवावी इतकंच, पण खाली.

बाहेर वायव्येचा वारा पत्रा वाजवत होता. ऊन उतरायला लागलं होतं. मॅच परवा. नवा काटा मागवायचा तर ऑकलंडहून, न्यू लिनच्या दुकानातून, आणि लाँग वीकेंड संपल्याशिवाय कुरियर हलणार नाही.

"अरे, एवढंसं तर आहे," आई म्हणाली. "दसऱ्याचा मुहूर्त आहे. सुरुवात तरी कर. एवढ्याशाने काय होतंय?"

मी आईकडे पाहिलं नाही. बायकोकडेही नाही. तिची शांतता पोलीसबाईंच्या चहासारखी साय धरायला लागली होती. माझ्या जिभेच्या टोकावर तो शब्द येऊन बसला होता, जन्मभराची सवय म्हणून. फळी ठोकताना आला होता, गटार दुरुस्त करताना आला होता, नाटकाच्या तालमीत दाढी उलटी चिकटवली तेव्हाही आला होता. इथल्या लोकांच्या तोंडात तर त्याचा सख्खा भाऊच असतो, "शी'ल बी राइट, मेट" म्हणून. मी ठोकळ्याकडे पाहिलं. चकचकीत केस तोंड उघडून वाट बघत होत्या.

"नाही चालत," मी म्हणालो.

आवाज जरा मोठाच निघाला. कुंपणापलीकडचा कुत्रा भुंकायचा थांबला.

"काय?" आई म्हणाली.

"नाही चालत, आई. काटा दर वेळी वेगळं बोलतोय. आज एकही काडतूस भरायचं नाही."

"म्हणजे माझ्या कुंकवाने घात केला म्हण ना सरळ."

"तबक मी धरलं होतं."

"आणि मॅच?"

"पुढच्या वर्षी."

मी ठोकळ्यातली एकेक केस उचलून डब्यात ठेवायला लागलो. आई रुसून पेढे झाकून बसली. बायको उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मला वाटलं, आता मिळणार ऐकायला. पण ती परत आली ती मूठभर पानं घेऊन. इथे आपट्याचं झाड कुठून असणार, म्हणून आम्ही दरवर्षी कुंपणाच्या झुडपाची पानं सोनं म्हणून वाटतो. एक पान तिने आईच्या हातावर ठेवलं आणि पाया पडली. एक मला दिलं. आणि एक ओतीव लोखंडाच्या प्रेसवर ठेवलं, हँडलच्या बुडाशी, वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक डाय ठेवून.

आई बघत होती. मग तिने पेढ्यांचा डबा उघडला.

शनिवारी मी मॅचला गेलो, पण सॉसेज भाजायला. हातात रायफलऐवजी चिमटा. म्हातारा त्याच्या खुर्चीत बसला होता.

"काडतुसं कुठायत?"

मी सांगितलं. कुंकू काय असतं हे समजावण्यात तीन सॉसेज जळाली.

"हं," तो म्हणाला. "मी तुझ्या वयाचा असताना भरली असती."

"मग?"

"मग काय, म्हणून तर डाव्या डोळ्याने इतकं वाईट दिसतं." आणि तो इतका मोठ्याने हसला, की दाढीतून काहीतरी उडालं. ते खरं होतं की थाप, मी विचारलं नाही. थापेबाजाने थापेबाजाला असले प्रश्न विचारायचे नसतात.

पुढच्या आठवड्यात नवा काटा आला. वजन ठेवलं, काढलं, ठेवलं, काढलं. काटा दर वेळी त्याच रेघेवर, शाळेतल्या हुशार मुलासारखा. आई काट्यापासून चार हात लांब खुर्ची घेऊन बसली होती, हात पदराखाली. पहिलं काडतूस तयार झालं तेव्हा तिने लांबूनच त्याच्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. पुढच्या वर्षी पुण्याहून व्हिडिओवर तिने पूजा सांगितली: "टेबलाच्या पायाला लाव हो कुंकू. वरती नको." त्या वर्षीच्या मॅचचं मी काही सांगत नाही, कारण खरं सांगितलं तर तुम्हाला थाप वाटेल.

पण त्या दिवशी, ते पहिलं काडतूस ठोकळ्यात उभं करून मी हात पुसत होतो, तेव्हा बायको गॅराजच्या दारात थांबली आणि फळीकडे बोट करून म्हणाली, "ती काढून टाक आता. सरळ लाव."

मी काढली. पातळी लावून, मोजून, दोनदा तपासून पुन्हा लावली. वर लिंबू ठेवलं. ते जागचं हललं नाही. शास्त्रज्ञांची फार निराशा झाली असणार.